लाथ मारल्यावर वाकायचं नाही

प्रमिलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलंगणातल्या बोथच्या तहसील कचेरीत माझ्या टेबलाशी होते आणि एका म्हाताऱ्याला त्याच्या पहाणीची, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल आज का मिळणार नाही हे तिसऱ्यांदा समजावत होते. फोन तिच्या थोरल्या बहिणीचा, शांताबाईंचा, आदिलाबादच्या दवाखान्यातून. "मंगल, डोक्यातली नस फुटली म्हनते डॉक्टर. गेली व आपली प्रमिला." एवढंच. मी फोन ठेवला आणि त्या म्हाताऱ्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही... तो बिचारा कागद गोळा करून निघून गेला. नंतर मी त्याला बसस्टँडपर्यंत शोधत गेले, पण सापडला नाही. माझा राग नेहमी असाच चुकीच्या माणसावर निघतो. हे वाक्यही ताईचंच. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

प्रमिलाताई आमच्या सरकारी शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि रविवारी सकाळी कापूस बाजाराच्या रिकाम्या शेडमध्ये मुलींना कराटे शिकवायची. हंगामात शेड कापसानं भरलेली असली की बाहेर मुरमावर. मुरमावर पडलं की गुडघ्याची सालटी निघतात आणि त्यावर ती चक्क हळद लावायची, फुंकर वगैरे नाही. पांढरे गणवेश आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. सलवारीवर ओढणी कमरेला आवळून बांधायची, तोच पट्टा. आकडे जपानी, पण तिच्या तोंडात ते जपानी राहायचे नाहीत. "इच, नी, सान" असं ती इतक्या ठसक्यात म्हणायची, की भाजीवाल्या बायकांना ते तेलुगू वाटायचं आणि तेलुगू मुलींना मराठी. शिव्या ती तेलुगूत द्यायची. कौतुक मराठीत, पण ते वर्षातून एकदा.

मी नववीत होते. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "मार लात."

मी मारली, हलकीच.

"मच्छर चावला काय? जोरात मार!"

मी डोळे मिटून तिच्या नडगीवर लाथ घातली आणि त्याच क्षणी माझा हात तिच्या पावलाकडे गेला. पाय लागला की नमस्कार. आमच्या घरी वहीला पाय लागला, सुपाला लागला, झाडूला लागला तरी हात खाली जाऊन कपाळाला लागतो, त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही. मी वाकले आणि मानेवर असा फटका बसला की तोंड थेट फरशीवर. ओठ फुटला.

"काऊन वाकली?"

"पाय लागला ना, मॅडम."

"लागला नाई. मारला तू. ऊठ."

मी एकटीच नव्हते. आम्ही सगळ्याच वाकायचो. शेतकऱ्यांच्या पोरी, बौद्धवाड्यातल्या पोरी, आमच्यात राहून राहून मुसलमान पोरीसुद्धा. समोरचीच्या पोटात लाथ घालायची आणि लगेच खाली वाकून तिच्या पाया पडायचं! बाहेरचं कोणी बघत असतं तर हसून मेलं असतं. ताई हसायची नाही. वाकलेल्या प्रत्येक मानेवर तिच्या तळहाताची कड पडायची, केसांच्या खाली, जराशी डावीकडे, नेहमी त्याच जागी. आम्हाला वाटायचं, कराटेतली काहीतरी जागा असेल. नमस्कार फक्त दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी. तोही उभ्यानं, कमरेतून, समोरचीच्या डोळ्यांत डोळे ठेवून. "डोये खाली गेले का तू गेली," ती म्हणायची. माझी ती सवय मोडायला दीड वर्ष लागलं. मोडली असं निदान मला वाटलं.

मग माझं लग्न झालं. नवरा जिनिंगमध्ये सुपरवायझर, गावातलाच, चांगल्या घरचा. माझी नोकरी त्याला चालत होती आणि रविवारचा क्लाससुद्धा चालत होता. आई शेजारणींना सांगायची, असा जावई शोधून सापडायचा नाही. पहिली थोबाडीत तिसऱ्या महिन्यात बसली, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. पुढे कारणं लागेनाशी झाली. पट्टा, ओला दोर, एकदा पाण्यानं भरलेला तांब्या. मी तोवर ब्राऊन बेल्ट होते. टाचेनं कौल फोडत होते. आणि घरात हात खाली सोडून उभी राहत होते. का, असं वाचणारे विचारतील. मीही स्वतःला विचारलंय. पाय उचलायचा विचार मनात येण्याआधीच तो जमिनीला चिकटायचा, याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही. सोमवारी कचेरीत कोणी दंडावरचा वळ पाहिला तर मी म्हणायचे, "काल क्लासमध्ये लागलं." सगळ्यांना पटायचं. नवरा तर स्वतःच हसत हसत लोकांना सांगायचा, "आमची कराटेवाली हाय. दर रविवारी मार खाऊन येते." त्यानं मला क्लास कधी बंद का करायला लावला नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

कळलं ते ताईमुळे. उन्हाळ्यातला रविवार होता. शेडमागच्या नळावर मी हात धूत होते, बाही वर गेली. तिनं माझं मनगट धरलं आणि एकेका डागावर बोट ठेवायला लागली, कपड्यावरचे डाग बघावेत तशी. "हा माया. मागच्या रविवारचा." बोट पुढे सरकलं. "हा बी माया." मग तिनं बाही खांद्यापर्यंत सारली. तिथं चार बोटं आणि एक अंगठा उमटलेला होता, हिरवट पिवळा.

"हा कोनाचा?"

"क्लासमधलाच असंन, ताई."

"मी कोनाले बोटानं धरत नाई, मंगल."

तिनं बाही खाली सारली आणि ती शेडमध्ये निघून गेली. ती आता घरी येऊन भांडेल या भीतीनं मी आठवडाभर झोपले नाही. खरं सांगायचं तर ती येईल अशी आशाही होती. ती आली नाही. पुढच्या रविवारी तीसेक पोरी आणि त्यांना सोडायला आलेल्या आया यांच्यासमोर ती म्हणाली, "आजपासून मंगलच्या आंगाले कोनी हात लावायचा नाई. मी बी नाई लावनार. तिच्या आंगावर यापुढं काई दिसलं तं ते क्लासमधलं नाई. ध्यानात ठेवजा सगळ्या."

इतका अपमान माझा आयुष्यात कोणी केला नव्हता. पाठीवर वळ घेऊन जगणाऱ्या बाईकडे झाकायला फार काही नसतं, आणि जे होतं ते तिनं भर बाजाराच्या शेडमध्ये ओढून काढलं होतं. मी दात आवळून कडेला उभी राहिले आणि नुसते आकडे मोजत राहिले. दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी माझा डावा डोळा सुजून बंद झाला होता. पोरी बघत राहिल्या. त्यांतली एक, बारा वर्षांची असेल, सरळ म्हणाली, "मॅडम, हे तं क्लासमधलं नाई."

"नाई," ताई म्हणाली आणि तिनं आकडे सुरू केले. मी ओढणी सोडून चालती झाले.

बोथ केवढं ते. मंगळवारी सुट्टी होती. दुपारी नवरा जेवायला आला तो फवारणीच्या पंपाचा रबरी पाईप हातात घेऊनच. "गावात माही इज्जत काढून राह्यली तू?" खांद्यांवर, मांड्यांवर, मग मी तोंडासमोर धरलेल्या हातावर. करंगळी मोडली तेव्हा मला ती आधी दिसली आणि मग दुखली. मी धीराची बाई आहे असा माझा दावा नाही. मी फक्त आकडे मोजायला लागले, कारण मारताना मोजायची सवय होती. इच. नी. सान म्हटलं आणि पाय आपोआप उचलला गेला. त्याच्या गुडघ्यावर, बाजूनं, पूर्ण ताकदीनं. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली बसला आणि किंचाळला.

आणि मी वाकले.

ज्या माणसानं माझं बोट मोडलं त्याच्या पावलाकडे माझा हात गेला. मोडक्या बोटाचा हात. त्यानं केस धरले आणि माझं डोकं न्हाणीच्या दगडाच्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा. परत एकदा. दुसऱ्या वेळी डाव्या कानात शिट्टी वाजली, आणि तो कान तेव्हापासून मेला तो मेलाच. तिसऱ्यांदा आपटायला त्यानं हात वर घेतला तेव्हा मी पडल्या पडल्या टाच त्याच्या तोंडावर घातली. नाक फुटलं. दोन दात माझ्या टाचेला लागून आले. मी उठले. त्याच्याकडे बघत, पाठ न वळवता, उंबऱ्याबाहेर गेले. या वेळी वाकले नाही.

अनवाणी, बसस्टँडवरून, गळ्यावरून रक्त पोलक्यात उतरत असताना मी ताईच्या घरी पोहोचले. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. हातातलं सूप टाकून तिनं विचारलं, "मारली?"

"मारली."

"मंग? वाकली?"

खोटं बोलता आलं असतं. "वाकले," मी म्हटलं.

आणि तिनं मला मारलं. तशा रक्तबंबाळ अवस्थेत, मानेवर, त्याच जागी. जोरात नाही, पण मारलं. मग ती जमिनीवर सांडलेल्या ज्वारीत बसली आणि तोंड उघडं टाकून रडली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं, आपल्या त्या जाहीर घोषणेनं काय झालं हे बघून रडतेय. पुढचं सगळं तिनंच केलं... दवाखाना, पोलीस, कोर्टाच्या तारखा. प्रत्येक तारखेला माझ्या उजव्या बाजूला बसायची, ऐकू यावं म्हणून. पण मी तिला सोडलं नाही. कितीतरी वर्षं, काहीही बिनसलं की मी तेच काढायचे, "तुमच्यापायी माझा कान गेला." ती एकदाही उलट बोलली नाही. "हो," म्हणायची, "मायापायीच गेला." तिनं भांडावं म्हणून मी ते म्हणायचे, आणि ती भांडायची नाही.

ती गेली त्या दिवशी दवाखान्यातून तिला घरी आणल्यावर शांताबाई म्हणाल्या, आंघोळ तिच्या क्लासच्या पोरीच घालतील. आम्ही चौघी त्यांच्याबरोबर आत गेलो. मला तिचं अंग माहीत होतं. डाव्या नडगीवरचं कायमचं टेंगूळ माझं, नववीतल्या त्या पहिल्या दिवसाचं. कोपरावरची खूणही माझीच. पाणी घालताना मी मनात मोजत होते, हा माझा, हाही माझा. मग तिचा अंबाडा सोडला. मानेवर घट्ट बसवलेला अंबाडा. तो तिनं कधी, शिबिरात झोपतानासुद्धा, सोडलेला आम्ही पाहिला नव्हता. त्याखाली, जराशी डावीकडे, लिंबाची फोड मावेल एवढा खळगा होता. केस नव्हते. जुनी, पांढरी पडलेली कातडी, आणि आत हाड दबलेलं.

"हा कोनाचा?" मी मोठ्यानं विचारलं. बाकीच्या तिघींचे हात थांबले.

शांताबाई पाणी ओतत राहिल्या. "तिच्या नवऱ्याचा. लगनाच्या पयल्या सालातला. मारून राह्यला होता, तं हिनंच उलटी लात मारली त्याले. अन् मारली तशीच पाया पडाले वाकली, बाई... वरून वरवंटा घातला त्यानं. हे कराटे फिराटे तं मंग शिकली, माहेरी आल्यावर."

ती सासरहून परत आलेली आहे एवढं आम्हाला माहीत होतं. विचारायची हिंमत कोणी केली नव्हती. इतकी वर्षं तिनं आम्हाला त्या एका जागी मारलं, हातानं, दर रविवारी, पुन्हा कोणाला तिथं वरवंट्यानं मारता येऊ नये म्हणून. आणि माझ्या बाबतीत ते पुरलं नाही. म्हणून ती ज्वारीत बसून रडली होती. मी तिच्या ओल्या अंगावर पडून रडले. त्या कानाचं भांडण मला परत घ्यायचं होतं, आणि ते आता कोणाला सांगणार?

त्रिशरण पंचशील झालं, लोक येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवू लागले. मग तिच्या पोरी आल्या. कोणी कडेवर लेकरू घेऊन, कोणी आदिलाबादहून, कोणी वांकिडीहून पहाटेच्या बसनं. ओळीनं उभ्या राहिल्या. एकीनंही पायाला हात लावला नाही. उभ्यानं, कमरेतून, तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर डोळे ठेवून वाकल्या. मागून एका पुरुषाचा आवाज आला, "मास्तरनीच्या पाया पडाले शरम वाटते काय यायले?" माझा राग या वेळी बरोबर माणसावर निघाला असता. पण तिच्यासमोर नको म्हणून गिळला.

आता रविवारचा क्लास मी घेते. पहिले काही रविवार मी मुलींना तोंडानंच सांगत राहिले, वाकू नका म्हणून. तो खळगा बघितल्यापासून हात उचलत नव्हता. पोरी हो म्हणायच्या आणि वाकायच्या. गेल्या रविवारी एक नवी आली, सहावीतली, दोन वेण्या, मानेवर पावडर. घरून कोणीतरी लाडानं लावून पाठवली होती. मी पाय रोवून उभी राहिले आणि म्हटलं, "मार लात." तिनं मारली. चांगली सणसणीत मारली. आणि वाकली. वेण्या पुढे पडल्या, ती पावडर लावलेली मान माझ्यासमोर उघडी झाली... मी मारलं.

तिनं वर पाहिलं. डोळे भरलेले, पण माझ्या डोळ्यांत. "काऊन मारलं, ताई?"

"काऊन वाकली?"

"पाय लागला तुमाले."

"लागला नाई. मारला तू. परत मार."

तिनं परत मारली. परत वाकली, परत खाल्ली. अकराव्या की बाराव्या वेळी तिचा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला पाणी प्यायला सोडलं.

घरी येऊन सलवार वर केली तर नडगीवर भलंमोठं निळं टेंगूळ आलं होतं. बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हटलं, "हा क्लासमधला."