मोडकांच्या वहीतलं प्रश्नचिन्ह

यज्ञेश्वर मोडकांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? छापखान्यात संगणक आले, मोडक घरी बसले आणि त्यांचा सगळा संशय पक्ष्यांकडे वळला. त्यांच्या वहीत साध्या चिमणीपुढेही प्रश्नचिन्ह असायचं. मी आमच्या पक्षिमंडळाचा चिटणीस. दर महिन्याला त्यांची यादी यायची आणि मी ती हसून बाजूला ठेवायचो. ज्याची स्वतःला खात्री नाही, त्याची नोंद मी काय म्हणून घेऊ? मंडळाच्या नोंदवहीत मोडकांचं नाव एकदाही आलं नव्हतं.

२००१ च्या जूनमध्ये त्यांचा फोन आला.

"सिराजभाई, तिबोटी खंड्या. आमच्या परसात, चार दिवस. प्रश्नचिन्ह नाही."

हा पक्षी कोकणातल्या रानातला. येरवड्यात, सॉफ्टवेअर कंपनीच्या काचेच्या इमारतीमागच्या मोडकांच्या परसात तो काय करणार होता?

"साधा छोटा खंड्या असेल."

"छोट्याची चोच काळी. ह्याची लाल."

"आणखी कुणी पाहिला? मी लगेच येतो."

"आज सकाळी गेला."

"आणि फोन आत्ता करताय?"

"आधी केला असता तर गर्दी झाली असती."

तरीही मी गेलो. चार दिवस त्यांनी मागच्या दाराला कडी घातली होती. वरच्या मजल्यावरचा संगणकवाला भाडेकरू कॅमेरा घेऊन आला, तर फोटो काढून इंटरनेटवर स्वतःचं नाव लावेल म्हणून त्याला जिन्यातूनच परतवला. शेजारच्या मथुराबाईंच्या मांजरीवर तर पूर्वीपासूनच राग. दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर त्यांनी पाटी उभी केली होती: 'मांजर हद्दीत आढळल्यास परत मिळणार नाही.'

वहीतलं वर्णन चोख होतं. पण साक्षीदार नाही, म्हणजे नोंद नाही. मी तसं सांगितलं.

"आयुष्यात एकदाच खात्री झाली हो," मोडक म्हणाले. मला वाईट वाटलं, पण नियम माझाच होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मथुराबाई म्हणाल्या, "त्या जांभळ्या पाखराचं बोलताय का?"

मोडक ताठ झाले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? धुणं वाळत घालताना रोज दिसायचं की."

छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवतो, असं मोडकांनीच मला एकदा सांगितलं होतं. मी त्यांना गप्प राहायची खूण केली, वही उघडली आणि मथुराबाईंना म्हणालो, "सांगा."

"चिमणीपेक्षा लहान. चोच पोवळ्यासारखी लाल. पोट पिवळं, पाठ निळी-जांभळी. सोमवारी पालीचं पिल्लू धरलं, फांदीवर आपटलं आणि गिळलं."

"किती वेळा आपटलं?" मीही काही कमी संशयी नाही.

"तीनदा."

वहीत लिहिलं होतं: सोमवार, पालीचं पिल्लू, तीन वेळा. मी वही मिटली आणि मोडकांना म्हणालो, "नोंद होणार."

आनंदानं उडी मारायची सोडून मोडक भिंतीकडे पाहत होते. "तुमची मांजर चार दिवस फिरकली कशी नाही?"

"फिरकेल कशी? पाखरू दिसलं त्याच दिवशी तिला न्हाणीत कोंडली. रात्रंदिवस ओरडतेय, घरात कुणाला झोप नाही. गेलं ना ते आता? मग सोडू का तिला?"

"सोडा," मोडक म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुटपुटले, "नोंदीत पहिलं नाव त्यांचं घाला."

"पूर्ण नाव काय त्यांचं?"

बावीस वर्षांच्या शेजारात ते मोडकांना ठाऊक नव्हतं. विचारायला ते भिंतीशी गेले. मध्ये पाटी येत होती, ती त्यांनी आधी काढली.