छकड्यावर बसण्यासाठी आटवलेलं अंग

मी शाळेत दुसरीच्या पुढं गेलो नाही, पण बैलाचं मला कुणी शिकवायला नको. लढाईच्या सालांत वडूजकडच्या आमच्या माळावर दोन खिल्लारी खोंडं मी हातानं वाढवली. जत्रेच्या शर्यतीत छकडा मीच हाकणार, असं चारचौघांत बोलून बसलो. थोरला भाऊ तिथंच होता.

"तू बसल्यावर बैलं जागची हलायची न्हाईत," तो म्हणाला. "रेडा हायस रं तू."

लोक हसले. मग माघार कशी घ्यायची?

शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं आणि एक दांडी. हाकणारा जितका हलका, तितका बैलांच्या मानेवर भार कमी. मी एका वेळची भाकरी सोडली, दुसऱ्या वेळेला नुसत्या पातळ कण्या. खोंडांना पळायची सवय लागावी म्हणून कासरा धरून त्यांच्यापुढं मीही ओढ्यापर्यंत पळायचो. आधी सकाळी, मग दिवस मावळतानाही. अंग उतरलं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. पण थकवा असा आला, की विहिरीतनं पोहरा ओढताना मधेच थांबावं लागे. रात्रभर झोपून उठलो, तरी पाय कालचेच.

वहिनी म्हणायची, "आवं भावजी, गालफडं बघा की बसलेली. पोटभर जेवा."

"भूक न्हाई."

भूक तर अशी, की खोंडांना कणकेचे गोळे चारून झाल्यावर हात चाटावासा वाटे. खावं तर वजन वाढणार, पळणं थांबवावं तर खोंडं जडावणार, आणि दमलो म्हणावं तर गाव हसणार. कुठूनच वाट नव्हती.

जत्रा तोंडावर आली तेव्हा भावानं छकडा जुंपला आणि मला बसवलं. खोंडं उधळली. वारा कानात शिरला. आणि ओढ्याच्या अलीकडं, एका बाभळीपाशी, दोघंही गपकन उभी राहिली. हाक मारली, शेपट्या पिरगाळल्या. ढिम्म.

भाऊ मागनं पळत आला. "हितंच का थांबली रं?"

मला ठाऊक होतं. रोज पळताना तिथंच माझा दम सरायचा. मी बाभळीला टेकायचो, खोंडंही माझ्यामागं उभी राहायची. रोजचंच झालं होतं ते.

भावानं बाभळीखालची तुडवलेली माती बघितली.

"बैलं दमली न्हाईत गड्या. तू दमलायस, आन त्यास्नीबी तेच शिकवलंस."

"मी न्हाई दमलो."

"उतर खाली. औंदा जत्रेला जायाचं न्हाई."

उतरताना माझा तोल गेला. भावानं हात पुढं केला. मी तो धरला नाही, चाक धरलं. त्यानं खोंडांची तोंडं घराकडं वळवली, पण मी हटल्याशिवाय छकडा निघणार कसा?

"चाक सोड," तो म्हणाला.

"सोडतो की," मी म्हणालो, आणि तसाच धरून उभा राहिलो.