मामाची अपॉइंटमेंट

माझा मामा दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. लहानपणी तापात त्याचे डोळे गेले, आणि ती सगळी कसर कानांनी भरून काढली, असं मामी म्हणायची. शाळेसाठी मी त्या दोघांकडेच राहत होते. शाळा सुटली की तडक दवाखान्यात, जिन्याखालच्या त्याच्या खोलीत. अरुंद खोली, एकच खिडकी, आणि भिंतीला टेकलेला तो भला मोठा बोर्ड. फोन आला की बोर्डवरचं एक बारीकसं झाकण टप्पकन पडायचं. मामाची बोटं झाकणांवरून सरसर फिरायची, नेमकी जागा हेरायची आणि वायर तिथे खोचायची. मग तो म्हणायचा, "बोला." एवढ्या एका शब्दानेच पलीकडच्या घाबरलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा.

सगळे त्याला 'बोर्डवाले' म्हणायचे. डॉक्टरमंडळी आवाज बदलून त्याची फिरकी घ्यायला बघायची.

"ओळखा पाहू कोण?"

"डॉक्टर, घसा बसलाय तुमचा. आधी स्वतः औषध घ्या."

मी शेजारी स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. दोन फोनांच्या मधल्या वेळात तो माझे पाढे ऐकायचा, आणि मी अडखळले तर बोर्डवर नखाने टकटक करायचा. त्या खोलीला तापलेल्या वायरींचा आणि त्याच्या केसांच्या तेलाचा वास असायचा. इतक्या वर्षांनी आजही कुठे तसा वास आला, तर माझी पावलं आपोआप थबकतात.

पुढे आपोआप लागणारे फोन आले आणि बोर्ड भंगारात गेला. मामाला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथूनच तो निवृत्त झाला. घरी करमेना, म्हणून तो बोलणारा कॉम्प्युटर शिकला. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर वाचून दाखवायचा, आणि मामा माउसला हातही न लावता कीबोर्डवरून पुढे पुढे जायचा. आवाजाचा वेग त्याने इतका वाढवून ठेवला होता, की मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, कोण भांडतंय तिथे?"

मी तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होते. पुढचं सगळं मला त्याच्याकडून, थोडंथोडं करत कळलं.

त्याचा डावा कान मंद झाला होता. रस्त्यावरची गाडी जवळ आली तरी लांब वाटायची. डोळस माणसाला अंधारी यावी, तसं त्याला झालं. मामीला सांगायची हिंमत होईना. गुपचूप डॉक्टरांना दाखवावं, तर दवाखान्याने फोनवरून वेळ देणं बंद केलं होतं. आता सगळं वेबसाइटवर.

मामी बाजारात गेल्यावर त्याने वेबसाइट उघडली. कॉम्प्युटर म्हणाला, "बटण." मामा पुढे गेला. "बटण." आणखी पुढे. "चित्र." मग पुन्हा, "बटण." कुठलं बटण कशाचं, काही पत्ता नाही. अंदाजाने एक दाबलं तर तो थेट प्रसूती विभागात पोहोचला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असा धडपडत धडपडत तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला. तिथे कॉम्प्युटर म्हणाला, "आपण माणूस आहात याची खात्री करण्यासाठी चित्रात दिसणारी अक्षरं लिहा."

मामा म्हणाला, "आता आली का पंचाईत!" आणि आपला बोलणारा लॅपटॉप खांद्याला अडकवून, काठी घेऊन घराबाहेर पडला.

"वेबसाइट कोण बघतं?" त्याने दवाखान्यात विचारलं. पहारेकऱ्याने त्याला हाताला धरून जिन्याखाली नेलं. खोलीच्या उंबऱ्याशीच मामा थांबला. खिडकीचं तावदान वाऱ्याने किरकिरत होतं, पूर्वी किरकिरायचं तसंच.

आतली मुलगी उठली. "या ना काका. काय झालं?"

"काही नाही. तू बसली आहेस ना, तिथे माझा बोर्ड होता."

तिला काही उमगेना. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि घरी घडलेलं सगळं तिच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. बटण, बटण, चित्र. अक्षरांपर्यंत पोहोचल्यावर म्हणाला, "पोरी, याच खोलीत माझी उमर गेली. तू माणूस आहेस का, असं इथे मला कुणी विचारलं नव्हतं."

ती हसली, आणि मग तिचा चेहरा पडला असावा. कारण मामाला तिचा आवाज बारीक झालेला ऐकू आला. "काका, ही वेबसाइट मी रोज बघते. कधी ऐकली नव्हती. थांबा, तुमची अपॉइंटमेंट मी आत्ताच करून देते."

"नको. तू ते नीट कर. माझं मी करीन."

हट्टीपणात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो तिथे जायला लागला. घरी सांगितलं, जुन्या लोकांना भेटायला जातो. मोठ्या साहेबांनी मुलीला विचारलं, "असे लोक येऊन येऊन किती येणार?" ती म्हणाली, "आत येताच येत नाही, सर. मोजायचे कसे?" साहेब कुरकुरत का होईना, पण हो म्हणाले.

तिने प्रत्येक बटणाला नाव दिलं. चित्रात काय आहे ते दोन शब्दांत लिहिलं. अक्षरांच्या जागी फोनवर येणारा आकडा ठेवला. मामाही चुकला बरं का. पान उघडलं की ते स्वतःहूनच बोललं पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. तिने तसं केलं, आणि त्याचा कॉम्प्युटर नि ते पान एकदमच बोलायला लागले. दोन वकील एकाच वेळी उभे राहावेत तसा गोंधळ! शिवाय त्याची जुनी ओळखीची, निवृत्त झालेली एक सिस्टर तिथे आली होती. तिचे हात थरथरायचे. "बोर्डवाले," ती म्हणाली, "मला सगळं दिसतंय, सगळं ऐकू येतंय. पण या कॅलेंडरातली तारीख मुंगीएवढी आहे. मी मंगळवार दाबते आणि बुधवार लागतो. सगळ्या जगाची अडचण तुमच्यासारखीच असते का?" मामा खजील झाला. पान गप्प केलं, आणि तारखांचे चौकोन मोठे झाले.

शेवटी त्याने घरी बसून स्वतःची अपॉइंटमेंट घेतली. "आपली नोंद झाली आहे," कॉम्प्युटर म्हणाला, आणि मागून मामीने विचारलं, "कसली नोंद?" ती कधी आली, ते त्याला कळलंच नव्हतं.

त्याने सगळं सांगून टाकलं. मामी खुर्चीवर बसली. "मी हाका मारत होते, तुम्ही ओ देत नव्हता. मला वाटलं, काहीतरी बोलले असेन, म्हणून रुसलात." मग ती रडली, आणि मग तिने त्याला यथेच्छ झापलं.

कानाला मशीन लागलं. आधीसारखं ऐकू आलं नाही, पण रस्ता पुन्हा त्याच्या ताब्यात आला. खोलीत जाणं मात्र सुटलं नाही. साहेबांनी रीतसर बोलावून घेतलं, आणि नवीन काहीही आलं की मामा आणि सिस्टर ते तपासायचे.

एकदा सुट्टीत मी तिथे गेले होते. दुपारची वेळ. मामा आणि ती मुलगी एका शब्दावरून हमरीतुमरीवर आले होते.

"सबमिट कशाला? पाठवा म्हण ना!"

"काका, लोकांना सबमिटची सवय आहे."

"मग सवय मोड!"

सिस्टर खिडकीशी बसून चहा गाळत होती, हात थरथरत होते आणि निम्मा चहा बशीत पडत होता. मला कुणी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. आत गेले असते तर ते थांबलं असतं.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्यामागे मामीही गेली. ती मुलगी आता दवाखान्याच्या वेबसाइट विभागाची प्रमुख आहे. अलीकडे वेबसाइट पुन्हा नवी झाली, तेव्हा तिचा फोन आला. तपासायला बरीच माणसं येतात म्हणाली. व्हीलचेअरवरची, ऐकू न येणारी, कॉलेजातली मुलंसुद्धा. काम छान चाललंय.

"फक्त ताई," ती म्हणाली, "भांडायला कुणी नाही हो."