नगरच्या रजिस्टरमधला अंगठा

माझे वडील स्कॉटलंडमध्ये जन्मलेले. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा ते यंत्रं दुरुस्त करायला आले आणि राजूरजवळच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. ती माझी आई. मी तीन वर्षांची असताना ते तापानं गेले. त्यानंतर गावानं आईला कधी विधवा म्हटलं नाही, ‘सायबाची बाई’ म्हटलं.

मी राजूरला शिक्षिका झाले. वडील तिकडचे असले तर मुलांना तिकडचं नागरिकत्व मिळतं, असं बहात्तर साली कळलं आणि मी अर्ज केला. मला खरोखरच जायचं होतं. टोमणे ऐकून कंटाळले होते.

मुंबईच्या ब्रिटिश वकिलातीच्या कचेरीत आईला बरोबर नेलं. तिथल्या कारकुनानं वडिलांचा जन्मदाखला पाहिला, मान हलवली.

“हे ठीक आहे. पण लग्नाचा कागद? त्याशिवाय हक्क लागत नाही. साहेब लोकांकडे तशा बायका असायच्या त्या काळात.”

आई उठून उभी राहिली.

“तशा म्हंजी कशा? नगरच्या चर्चात पाद्र्यापुढं लगीन लागलंय माजं. बुकात अंगठा हाय.”

“मग तो आणून दाखवा.”

“आनते. तू हितंच बस.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही एसटीनं नगरला गेलो. चर्चमधले गृहस्थ म्हणाले, जुनी रजिस्टरं कपाटात आहेत, सवडीनं शोधू, पत्र टाकू.

“आमी बसतो,” आई म्हणाली.

बाकावर बसली ती उठेचना. दुपारी त्यांनीच कंटाळून कपाट उघडलं. वाळवीनं कडा खाल्लेलं रजिस्टर निघालं. वडिलांची तिरकी सही, आणि खाली शाईचा अंगठा. आई वाकून बघत राहिली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं; त्या दिवशीही ती रडली नाही. “नक्कल द्या. शिक्का मारून,” एवढंच म्हणाली.

नक्कल पाठवली. चार महिन्यांनी वकिलातीचं पत्र आलं: लग्न कायदेशीर, हक्क मान्य. पासपोर्ट घ्यायचा तर इथलं नागरिकत्व सोडावं लागणार होतं.

“जायाचं तर जा,” आई म्हणाली. “पन ह्यो कागद हितंच ऱ्हाईल.”

मी चार दिवस विचार केला. टोमण्यांपायी गाव सोडायचं होतं; आता टोमण्यांना उत्तर हातात होतं, मग गाव का सोडू? पासपोर्ट काढलाच नाही.

बाजाराच्या दिवशी आई मला घेऊन धान्याच्या दुकानात गेली. गावात ‘सायबाची बाई’ हे नाव पहिल्यांदा त्या दुकानदारानंच पाडलं होतं. भरल्या गिऱ्हाइकात तिनं पत्र माझ्या हातात दिलं.

“वाच. मोठ्यानं.”

मी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. ‘कायदेशीर पत्नी’ हे शब्द तिनं मला तीनदा म्हणायला लावले. दुकानदार तराजूकडे बघत उभा होता. मग आईनं दोन किलो तांदूळ मागितला, आणि तो त्यानं मुकाट्यानं मोजून दिला.