भाऊजींचं भेकर

भेकरासारखं ओरडणारा व्यापारी अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो माझ्या बहिणीच्या नशिबी आला होता. भेकर म्हणजे कुत्र्याएवढं रानातलं हरीण; घाबरलं की भुंकतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अकोटात कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कुणी जरीचे फेटे घेतले. भाऊजींनी मेळघाटच्या पायथ्याहून आई मेलेलं भेकराचं पाडस आणलं. ते कापसाच्या ढिगावर निजायचं आणि भाऊजींची उपरणी चघळायचं. ताई दिवसभर करवादायची, "मानसं म्हैस आनतात, दूध तरी भेटते. तुमी हे काहून आनलं?"

भाऊजींनी मात्र त्याची बोली आत्मसात केली. भाव पाडून मागणाऱ्याला ते शब्दानं उत्तर देतच नसत, भर बाजारात भेकरासारखं ओरडत. एकदा त्या आवाजानं एका दलालाचे बैल उधळले आणि गाडीतला कापूस रस्ताभर सांडला. भाऊजी स्वतः वाकून तो गोळा करू लागले, पण असला भाव ऐकून बैलसुद्धा बिथरतील, हे दलालाला बजावायला विसरले नाहीत.

पुढे मुंबईचा एक शेठ आला. वखारीतला सगळा कापूस तो घ्यायला तयार झाला. निघताना त्याची नजर भेकरावर गेली. याचं मांस फार गोड लागतं म्हणतात, तेवढं सौद्यावर द्या, असं तो हसत म्हणाला. भाऊजी कधी शेठकडे, कधी भेकराकडे पाहू लागले. मी वखारीचं काम पाहत असे. असा सौदा पुन्हा येणार नाही, हे मलाही कळत होतं. तेवढ्यात ताई ओसरीवर आली.

"सौदा ह्यांचा आहे, शेठ. जनावर माहं आहे. त्याले हात नाही लावाचा."

शेठ सौदा मोडून शेजारच्या वखारीत गेला. भाऊजी मात्र घबाड मिळाल्यासारखे खूश. आठवडाभर ते गावाला सांगत फिरले की आमच्या घरी खरा व्यापार बायकोलाच कळतो.

भेकर मोठं झालं. त्याला इवलीशी शिंगं फुटली. पहाडाकडून वारा आला की ते खाणं सोडून कान टवकारून उभं राही. शेवटी भाऊजींनीच गाडी जुंपली. सागाच्या रानाच्या कडेला सोडल्यावर ते क्षणभर घुटमळलं, मग पानांत शिरलं.

आम्ही परत निघालो. थोडं अंतर गेलो असू, तोच ताई म्हणाली, "जरा थांबा ना. बैलं दमले असतीन."

बैल ताजेतवाने होते. तरी भाऊजींनी गाडी सोडली, आणि उन्हं कलेपर्यंत आम्ही तिघंही रानाकडे तोंड करून बसून राहिलो.