उस्तादांचा तळवा

नव्वदच्या दशकात मंचरला माझ्या कापडदुकानासमोर ते गाद्या शिवायचे. मोहरमच्या आखाड्यात लाठी आणि दांडपट्टा शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. रस्त्यात कुणी हमाल कांद्याची गोणी उचलायला वाकला, की त्यांची सुई थांबायची. “असं बघा, आदी पाय रोवा, मग कंबर.” पुढे पुढे बाजारातले हमाल आखाड्यात उतरल्यासारखे पाय रोवूनच ओझं उचलू लागले.

दर मोहरमला ते एका शेजाऱ्याच्या तळव्यावरचं लिंबू पट्ट्यानं कापत. एका साली तो मान माझा होता. मी तळव्यावर लिंबू ठेवून हात पुढे केला. त्यांनी पट्टा कपाळाला लावला, उगारला आणि खाली घेतला.

“असं बघा शेठ, आज मनगटाचा भरवसा न्हाई.”

त्यांनी पट्टा वारूळवाडीच्या शेतकरी शिष्याला दिला आणि माझ्या हातावरचं लिंबू उचलून स्वतःच्या तळव्यावर ठेवलं. शिष्य नको नको म्हणत होता.

“आदी पाय रोव. मग कंबर.”

पातं फिरलं, लिंबाच्या दोन फोडी खाली पडल्या. उस्तादांनी कोरा तळवा आधी शिष्याला दाखवला, मग मला.

“शेठ,” ते हसून म्हणाले, “आता तुमी मूठ उघडा.”