एक बटण राहिलंय

बजाजनगरला आमच्या शेजारच्या खोलीत एक काका एकटेच राहतात. आमचा टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि साउंडबार या तिन्हींचं काम एकाच रिमोटवर आणून देतो म्हणाले, तेव्हा मला वाटलं, दहा मिनिटांत होईल.

काका रोज येतात आणि आधी टीपॉयवर पेपर अंथरतात. त्यावर जुना आणि नवा रिमोट नाकाला नाक लावून ठेवतात. जुन्याचं बटण दाबलं की नवा ते शिकतो. "शिक बाबा, लई सोपंय," असं ते नव्याला हळू आवाजात समजावतात. दोन-चार बटणं झाली की चष्मा खिशात. "आज एवढंच बास. घाई केली की इसरतंय ते."

रिमोट काही विसरत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बायकोला माझ्याही आधी. ती चहा टाकते, काका बातम्या बघत बसतात आणि निघताना सांगतात, "एक बटण राहिलंय. उद्या येतो."

परवा मात्र शेवटचं बटणही बसलं. काका कप धरून नुसते बसून राहिले. चहा गार झाला. तेवढ्यात बायको आतून डीव्हीडीचा रिमोट घेऊन आली. "काका, हा राहिलाच की."

डीव्हीडी प्लेअर आम्ही केव्हाच भंगारात दिलाय. काकांनी टीव्हीखालच्या रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"व्हय, हेबी शिकवू त्याला," ते म्हणाले. "पण येळ लागंल, पोरी."